टी (टेस्टोस्टेरॉन) सुरू करायच्या आधी घरी सांगावं की नंतर? आवाज फुटायच्या आत ठरवायचंय

हिरण्यकेशीकाठचा · ७ जून २०२५, रात्री ११.४०

नमस्कार. बरेच महिने नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय २४. गाव गडहिंग्लजकडचं, तीन वर्षं पुण्यात नोकरी. ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मलो तेव्हा सगळ्यांनी मुलगी समजलं, पण मी पुरुष आहे. चार महिने काउन्सेलिंग झालं, सायकियाट्रिस्टचं पत्र मिळालं, एंडोक्रायनॉलॉजिस्टनी (हार्मोनच्या डॉक्टरांनी) रक्ताच्या सगळ्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल आलं. इथवर यायलाच वर्ष गेलं कारण पहिल्या ज्या डॉक्टरांकडे गेलो ते म्हणाले आईवडिलांची सही घेऊन या, त्याशिवाय मी हात लावणार नाही. मी म्हटलं सर मी चोवीस वर्षांचा आहे, तर म्हणाले उद्या ते माझ्या दवाखान्यात येऊन गोंधळ घालतील. सहा महिने मग मी कुठे गेलोच नाही. आताच्या मॅडम चांगल्या आहेत, त्या म्हणाल्या तू तयार असशील तेव्हा सुरू करू, फक्त घरच्यांचं काय करायचं ते तू ठरव, कारण आवाज काही लपणार नाही.

तिथेच अडकलोय.

आप्पा एसटीत ड्रायव्हर, आई आशा सेविका. धाकटी बहीण अकरावीत. स्थळं बघायला सुरुवात झालीय, दर रविवारी फोनवर तोच विषय.

एक गोष्ट सांगतो जी पुण्याच्या मित्रांना पटकन कळत नाही. आमच्याकडे बायकासुद्धा "मी आलो", "मी जातो" असंच बोलतात. माझी आई आजपण "मी येतो की मग" म्हणते. त्यामुळे मी लहानपणापासून "मी गेलो, मी जेवलो" म्हणत आलो आणि कुणाच्या काहीच लक्षात आलं नाही. पुण्यात हॉस्टेलला आल्यावर पोरी म्हणाल्या अगं तू मुलांसारखी काय बोलतेस, तेव्हा मला दोन्ही वाटलं, लाज पण वाटली आणि आतून इतकं बरं वाटलं की काय सांगू. गावच्या बोलीनं मला वीस वर्षं सांभाळलं. पण समोरचा माणूस जेव्हा माझ्याशी बोलतो, "आलीस काय, जेवलीस काय", तिथे ती बोली काही करू शकत नाही.

तर ज्यांनी घरी सांगितलंय त्यांनी सांगा, आधी सांगितलं की नंतर, आणि परत तीच वेळ आली तर काय कराल.

सह्याद्रीवारा · ८ जून २०२५, सकाळी ७.१५

भावा, मी साताऱ्याचा, टी वर साडेतीन वर्षं. मी सांगितलं नव्हतं. माझा हिशोब असा होता की मुंबईत राहतोय, वर्षातून दोनदा घरी जातो, दाढी आली की बघू. पण दाढी नंतर येते, आवाज आधी जातो. माझा तिसऱ्या महिन्यात घोगरा झाला आणि आईशी रोज फोन असायचा. पहिले पंधरा दिवस सर्दी झालीय म्हटलं, मग म्हटलं धुळीची ॲलर्जी आहे, मग आईनं घरातून आडुळशाचा काढा बाटलीत भरून मामाबरोबर पाठवला. ती बाटली हातात घेऊन मी खोलीत बसून रडलोय. मग फोन टाळायला लागलो, नुसते मेसेज. तिला वाटलं मला टीबी झालाय आणि मी लपवतोय. एक दिवस न सांगता दोघं दारात येऊन उभे.

त्या दिवशी जे झालं ते झालं, पण आईला मी बदलतोय याचा जेवढा त्रास झाला त्याच्यापेक्षा जास्त या गोष्टीचा झाला की चार महिने मी तिच्याशी खोटं बोललो. अजूनही ते मध्येच काढते. म्हणून माझं मत आधी सांग.

पण सांगायच्या आधी हे करून ठेव. दहावीचं मार्कशीट, जन्मदाखला, आधार, पॅन, पासबुक, सगळी मूळ कागदं पुण्यात आण, काहीतरी कारण काढून आण. दोन-तीन महिने निघतील इतके पैसे वेगळ्या खात्यात ठेव, ज्या खात्याला आप्पांचा नंबर जोडलेला नाही. एका मित्राला सांगून ठेव की मी अमुक दिवशी घरी सांगणार आहे, रात्री दहापर्यंत माझा फोन नाही आला तर तू कर. आणि परतीचं तिकीट काढूनच जा.

लातूरकरीण · ८ जून २०२५, दुपारी १.०५

मी उलटं सांगणार आहे, वाईट वाटून घेऊ नकोस.

मी आधी सांगितलं होतं. २०१९ साली, वय वीस, कमाई शून्य, राहायला घरातच. मोठ्या मनानं सांगितलं की मी मुलगी आहे. फोन काढून घेतला, कॉलेज बंद, आधी एका देवऋषीकडे उतारा, मग मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरकडे नेलं जे म्हणाले सहा महिन्यात मुलगा करून देतो. गोळ्या दिल्या, दिवसभर झोप यायची. अकरा महिने गेले माझे. त्याच काळात मी कुणाला न विचारता माला-डीच्या गोळ्या खायला लागले, मेडिकलमधून पाकिटं आणायचे आणि दिवसाला कितीतरी खायचे, कारण एका ओळखीच्या ताईनं सांगितलं होतं की याने अंग भरतं. पोटरी सुजली, लाल झाली, चालता येईना. ॲडमिट केलं तर पायातल्या शिरेत रक्ताची गाठ निघाली. ती वर सरकून फुप्फुसात गेली असती तर मी हे लिहायला नसते.

आज मी नीट डॉक्टरकडून इस्ट्रोजेन घेते, नोकरी करते, हैदराबादला राहते. आई बोलते, बाबा बोलत नाहीत.

म्हणून सांगते, आधी सांगायचं की नंतर हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की सांगितल्यावर रात्री झोपायला तुझी स्वतःची जागा आहे का. तुझ्याकडे आहे. माझ्याकडे नव्हती. वाचणाऱ्यांमध्ये जी लहान पोरं घरात राहतात त्यांनी माझ्यासारखं करू नका, थांबा, थांबल्यानं तुम्ही खोटे ठरत नाही.

आणि एक, ट्रान्स बायकांचं घड्याळ वेगळं असतं. इस्ट्रोजेननं आवाज बदलत नाही, फुटलेला आवाज परत फिरत नाही, तो सरावानंच घडवावा लागतो. आलेली दाढीही जात नाही, लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस करावंच लागतं. छाती भरायला तीन ते सहा महिन्यांनी सुरुवात होते, सैल शर्टात बराच काळ निभतं. तुम्हा मुलांना तेवढी सवड मिळत नाही.

ॲडमिन · ८ जून २०२५, दुपारी २.३०

धागा महत्त्वाचा आहे, चालू राहू द्या. कुणीही डोस, किती मिलिग्रॅम, कुठे चिठ्ठीशिवाय मिळतं, असलं लिहू नका. डॉक्टरांची नावं जाहीर देऊ नका.

एंडो_रेसिडेंट · ८ जून २०२५, रात्री १०.२०

मी एंडोक्रायनॉलॉजी शिकतोय, आमच्या विभागात ट्रान्स पेशंट येतात म्हणून लिहितो. तुमच्या डॉक्टरांचं ऐका, हे फक्त घरी समजावायला उपयोगी पडावं म्हणून.

लातूरकरीण ताईंना जी गाठ झाली त्याचं कारण सांगतो म्हणजे पुढच्यांना भीती कशाची बाळगायची ते कळेल. गर्भनिरोधक गोळ्यांमधलं इस्ट्रोजेन हे एथिनिल इस्ट्राडायॉल असतं, ते रक्त गोठण्याची शक्यता बरंच वाढवतं, आणि एका गोळीऐवजी मूठभर खाल्ल्या की काय होणार. ट्रान्स बायकांना आम्ही देतो ते इस्ट्राडायॉल, शरीरात नैसर्गिक असतं तेच, गोळी किंवा जेल. सोबत टेस्टोस्टेरॉन अडवायला स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर पोटॅशियम तपासत राहायचं. सिगारेट ओढत असाल तर गाठीचा धोका आणखी वाढतो, ती सोडा.

टी बद्दल. आवाज कुणाचा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, कुणाचा सहा महिन्यांनी. पाळी बहुतेकांची पहिल्या सहा महिन्यांत थांबते. चेहऱ्यावरचे केस सावकाश, नीट दाढीला काही वर्षंसुद्धा लागतात. आवाज, केस, खालच्या भागातली वाढ, हे औषध बंद केलं तरी परत जात नाही. पाळी आणि चरबीची ठेवण परत येऊ शकते. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही असं नाही, टी हे गर्भनिरोधक नाही आणि गर्भाला अपाय करतं. पुढे स्वतःचं मूल हवंसं वाटेल अशी थोडी जरी शक्यता असली तर स्त्रीबीज गोठवण्याबद्दल सुरू करायच्या आधी विचारा. खर्च लाखाच्या वर जातो, खोटा दिलासा देत नाही, पण निदान विचारलं पाहिजे.

आईवडील हमखास विचारतात ते म्हणजे लिव्हर-किडनी जाणार का. जिममध्ये जी गोळीची स्टेरॉइडं खातात त्यातली काही लिव्हरला वाईट असतात, ती वेगळी. हे इंजेक्शन ज्या पुरुषांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन कमी बनतं त्यांना कित्येक दशकं देत आलेत. आम्ही जास्त लक्ष ठेवतो ते रक्त घट्ट होण्यावर, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर गेलं की डोस कमी करतो किंवा थांबवतो. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी, नंतर वर्षातून एक-दोनदा. हे चुकवू नका, आमच्याकडे त्रास झालेले जे येतात ते बहुतेक सगळे तपासणी सोडलेलेच असतात.

आणि अठरा पूर्ण झालेल्याला आईवडिलांच्या सहीची गरज नाही. डॉक्टर घाबरतात हे मी जवळून बघतो, पण ते नियमात नाही.

मी_सुधीर_बोलतोय · ९ जून २०२५, सकाळी ९.५०

राग मानू नका, मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे. मला वाटतं आधी गुणसूत्रांची टेस्ट करून घ्यावी. बीडच्या त्या पोलीस ललित साळवेंचं टेस्टमध्येच निघालं ना, मग सरकारनं पण मान्य केलं. तसं काही निघालं तर घरचे लगेच मानतील. आणि नाही निघालं तर मानसोपचारानं मन वळवता येतं का ते बघावं, शरीर तर धडधाकट आहे.

एंडो_रेसिडेंट · ९ जून २०२५, दुपारी ३.१५

काका, तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंय म्हणून नीट उत्तर देतो. ललित साळवेंच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळल्याचं बातम्यांत आलं होतं, २०१८ साली मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांची शस्त्रक्रिया झाली, आणि खात्यानं त्यांना पुरुष म्हणून सामावून घेतलं. पण बहुतेक ट्रान्स माणसांच्या गुणसूत्रांच्या रिपोर्टमध्ये वेगळं काहीच निघत नाही, आणि घरचे मग तो नॉर्मल रिपोर्ट हातात धरून म्हणतात बघ, तुला काही झालेलं नाही. रिपोर्टवर सगळी आशा ठेवलेली पोरं तिथे कोसळलेली मी बघितलीत. आपण कोण हे त्या टेस्टमध्ये लिहिलेलं नसतं.

दुसरं, मन वळवण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झालं, ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या यादीतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलंय. मद्रास उच्च न्यायालयात न्या. आनंद वेंकटेश यांच्यापुढे २०२१ मध्ये घरच्यांपासून संरक्षण मागणाऱ्या दोन मुलींचं सुषमा प्रकरण चाललं, त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असली कन्व्हर्जन थेरपी म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे लातूरकरीण ताईंना सहा महिन्यात मुलगा करून देतो म्हणणाऱ्यावर आज तक्रार करता येते.

मी_सुधीर_बोलतोय · ९ जून २०२५, रात्री ८.००

हे मला माहीत नव्हतं. ताईंचं परत एकदा वाचलं. माफ करा.

नाशिकची_आई · १० जून २०२५, दुपारी ४.४५

मला माझ्या मुलीनं हा धागा पाठवला. ती २६ वर्षांची आहे, जन्मली तेव्हा आम्ही मुलगा समजलो. आम्हाला कळून पाच वर्षं झाली. टाइप करायची सवय नाही, मोठं होईल.

बाळा, तू आधी-नंतर विचारलंस. मी तुला आईच्या बाजूने सांगते. तू हे दहा वर्षं मनात घोळवून येणार, तुझ्याकडे शब्द तयार असणार, तिच्याकडे त्या मिनिटाला एकसुद्धा शब्द नसणार. म्हणून ती जे पहिलं बोलेल ते तिचं शेवटचं मत समजू नकोस. मी पहिलं काय बोलले माहितीये, "लोकांना काय सांगू". आजही ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते, पण त्या क्षणी तेच आलं तोंडात. आम्हाला ट्रान्स म्हटलं की सिग्नलवर टाळ्या वाजवणारे एवढंच माहीत होतं. माझ्या डोळ्यासमोर ती सिग्नलवर उभी दिसली. मला तिचा राग नव्हता आला हो, भीती वाटली, आणि भीती बाहेर पडताना रागच होऊन पडते.

तिचे बाबा शिक्षक होते. त्यांनी आठ महिने तिला नावानं हाक मारली नाही. जुनं नाव घेतलं की ती उत्तर देत नव्हती आणि नवं त्यांच्या तोंडात बसत नव्हतं, मग "अगं ऐक" "अरे ऐक" काहीच नाही, नुसतं खोकायचे. आमच्या घरात आठ महिने खोकण्यावर संसार चालला. मग एकदा त्यांना ताप आला आणि रात्री पाणी मागताना त्यांनी तिचं नवं नाव घेतलं. ती पाणी घेऊन गेली, दोघंही त्यावर काही बोलले नाहीत.

मला कशाची मदत झाली ते सांगते. ती जे व्हिडिओ पाठवायची ते मी बघत नव्हते, इंग्रजीत असायचे आणि मला वाटायचं हे सगळं परदेशातलं फॅड. मला मदत झाली दुसऱ्या आईची. मुंबईत स्वीकार म्हणून पालकांचा गट आहे, २०१७ पासूनचा. पहिल्या मीटिंगला मी नुसती बसले आणि रडले, दुसऱ्या मीटिंगला तोंड उघडलं. तिथे एक बाई म्हणाल्या की मी दोन वर्षं माझ्या मुलाचं सुतक पाळलं आणि तो समोर जिवंत बसून जेवत होता. ते वाक्य घेऊन मी घरी आले.

औषधांचं म्हणशील तर मला डॉक्टरांशी स्वतः बोलायचं होतं. ती म्हणाली मी मोठी आहे तू कशाला. पण तिनं नेलं. डॉक्टरांनी वीस मिनिटं दिली, मी वहीत लिहून घेतलं. त्या वीस मिनिटांनी माझी निम्मी भीती गेली. तुझी आई आशा सेविका आहे म्हणतोस, म्हणजे ती लोकांना दवाखान्यात घेऊन जाणारी बाई आहे, तिला बाहेर ठेवू नकोस.

सणाच्या दिवशी नको सांगूस. आणि दोघांना एकदम सांगायलाच हवं असं नाही.

हिरण्यकेशीकाठचा · ११ जून २०२५, रात्री १२.३०

काकू तुमचं तीनदा वाचलं. आईला दवाखान्यात नेता येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी तिला फक्त सांगायचं, मग ती हो किंवा नाही म्हणणार, एवढंच धरून बसलो होतो. ती खरंच गावातल्या प्रत्येक बाळंतिणीबरोबर रात्री-अपरात्री गेलीय.

सह्याद्रीवारा दादा, काढ्याचं वाचून झोप उडाली. मॅडमना सांगितलं की गणपती होईपर्यंत थांबतो. त्या म्हणाल्या काही हरकत नाही, तपासण्या तेवढ्या परत कराव्या लागतील. लातूरकरीण ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून खूप आभार. तुम्ही म्हणता तसं माझ्याकडे खोली आहे, त्यामुळे मी घाबरलो तरी चालेल असं वाटलं.

कागदपत्र_मदत · १४ जून २०२५, सकाळी ११.००

कागदांचं थोडं, कारण हे दर महिन्याला विचारतात. २०१४ च्या १५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल आला, ज्यानं ट्रान्स माणसांची ओळख मान्य केली. मग २०१९ चा ट्रान्सजेंडर हक्क संरक्षण कायदा, २०२० पासून लागू. राष्ट्रीय पोर्टलवर घरबसल्या अर्ज करायचा, प्रतिज्ञापत्र जोडायचं, जिल्हाधिकाऱ्यांकडून ३० दिवसांत ओळख प्रमाणपत्र आणि कार्ड यायला हवं, प्रत्यक्षात काही जिल्ह्यांत जास्त लागतात, पाठपुरावा करा. २०२० च्या नियमांत शारीरिक तपासणीची अट नव्हती. पहिल्या प्रमाणपत्रावर तृतीयपंथी किंवा ट्रान्सजेंडर असं येतं, आणि ट्रान्स पुरुषांच्या घरी हाच शब्द बघून हलकल्लोळ होतो, म्हणून घरच्यांना आधीच सांगा की वैद्यकीय उपचारांनंतर कलम ७ खाली पुरुष किंवा स्त्री असं सुधारित प्रमाणपत्र मिळतं. नावबदलाचं राजपत्र वेगळं करावं लागतं.

त्याच कायद्यात असंही आहे की ट्रान्स माणसाला आईवडिलांच्या घरात राहायचा हक्क आहे, बाहेर काढता येत नाही. कागदावर आहे तेवढं तरी माहीत असावं.

खर्चासाठी आयुष्मान भारत टीजी प्लस ही ट्रान्स माणसांसाठीची सरकारी आरोग्य योजना, २०२२ साली करार झाला, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण, ओळख प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे प्रत्यक्ष कुठल्या रुग्णालयात काय मिळतं हे आधी विचारूनच जा, मी दोघांना रिकाम्या हातानं परत आलेलं बघितलंय. आणि ज्यांना पुण्यातलं किंवा कल्याणचं मित्र क्लिनिक माहीत होतं त्यांच्यासाठी, ती २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेची मदत थांबली तेव्हा बंद पडली, हैदराबादचंही. ट्रान्स माणसांनीच चालवलेली जागा होती, तिथे आत गेल्यावर आपण कोण हे समजावून सांगावं लागत नव्हतं. याचं मला अजून फार वाईट वाटतं.

सह्याद्रीवारा · २६ ऑगस्ट २०२५, रात्री ९.१०

उद्या गणपती. भावा तू घरी पोचलास का? गरज वाटली तर कधीपण फोन कर, नंबर मेसेजमध्ये दिलाय.

हिरण्यकेशीकाठचा · ६ सप्टेंबर २०२५, रात्री ११.५५

सांगितलं.

क्रमानं लिहितो नाहीतर मलाच नंतर आठवणार नाही. आमच्याकडे गौरी मुलींनी आणायच्या असतात, पाणवठ्यावरून तेरड्याची रोपं तांब्यात घालून, साडी नेसून. दरवर्षी माझ्यावर जबरदस्ती व्हायची. यावर्षी मी आईला सकाळीच म्हटलं मी नाही आणणार, चुलत बहिणीला सांग. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली बरं. वाद नाही, काही नाही. मला तेव्हाच वाटलं की हिला काहीतरी माहीत आहे.

गणपती-गौरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती सर्व्हेला निघाली तेव्हा मी बरोबर गेलो. वाटेत बांधावर बसून सांगितलं. काकू, तुम्ही सांगितलं होतं की पहिलं वाक्य धरू नकोस, ते मनात धरूनच बसलो होतो. तिचं पहिलं वाक्य होतं, "तुला कुणी कायतरी केलं काय?" मी नाही म्हटलं, तीनदा विचारलं तिनं. मग ती गप्प झाली आणि मग जे बोलली ते मी आयुष्यात विसरणार नाही. म्हणाली, "तुझ्या वेळेला मी पोरगा व्हावा म्हणून जोतिबाला नवस बोललो होतो. सगळ्यांनीच बोलायला लावलं होतं. त्येनंच असं झालं काय?"

चोवीस वर्षं ती हे मनात ठेवून होती. मला इतकं रडू आलं, स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी. मी म्हटलं आई नवसानं होत नाही गं असं, तुझ्यामुळे काही झालेलं नाही. ती म्हणाली आमच्याकडं जोगते हाईत, बाप्याची बाई झालेली बघिटलीया, बाईचा बाप्या कधी बघिटला नाही. मी ललित साळवेंचं नाव काढलं, तर म्हणाली व्हय, त्यो पोलीस, टीव्हीवर आल्ता. डॉक्टर साहेबांनी इथे लिहिलं होतं म्हणून मी लगेच सांगितलं की त्यांचं वेगळं होतं, माझ्या रिपोर्टमध्ये तसं काही निघणार नाही. खोट्यावर उभं करायचं नव्हतं.

आप्पांना तिनंच रात्री सांगितलं. मला भिंतीपलीकडून नुसता तिचा आवाज येत होता, त्यांचा एकदाही नाही. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. परत निघताना पहाटे साडेपाचला स्टँडवर सोडायला आले, बॅग वर ठेवली आणि ओळखीच्या कंडक्टरला म्हणाले, "माझं लेकरू हाय, स्वारगेटला उतरव." मी त्याचा जास्त अर्थ काढत नाहीये, सगळ्यांबद्दल ते असंच बोलतात. पण पोरगी म्हणाले नाहीत एवढं खरं.

बहिणीला अजून सांगितलेलं नाही. आई म्हणाली बारावी होऊ दे. यावर आमचं एकमत नाही.

नाशिकची_आई · ७ सप्टेंबर २०२५, सकाळी ६.३०

नवसाचं वाचून मी बराच वेळ तशीच बसले. आम्ही सगळ्याच आया असं काहीतरी धरून बसलेल्या असतो. मी सातव्या महिन्यात ग्रहण पाळलं नव्हतं, मी ते धरलं होतं. तिला म्हणावं माझ्याशी बोल, माझा नंबर ॲडमिनकडून घे.

लातूरकरीण · ७ सप्टेंबर २०२५, दुपारी १२.१५

तू बांधावर सांगितलंस, घरात नाही, हे फार चांगलं केलंस. उघड्यावर माणूस दार लावून घेऊ शकत नाही. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

हिरण्यकेशीकाठचा · ९ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

दसरा झाल्यावर सोमवारी पहिलं इंजेक्शन झालं. आई दवाखान्यात आली नाही, सुट्टी मिळाली नाही म्हणाली. खरं असेल किंवा नसेल. पण मागच्या महिन्यात मॅडमशी तिचं फोनवर बोलणं करून दिलं होतं, चाळीस मिनिटं. लिव्हरचं विचारलं, रक्ताचं विचारलं, मूल होणार काय विचारलं. शेवटच्या प्रश्नाला मॅडमनी सरळ उत्तर दिलं, आणि ती त्या रात्री जेवली नाही असं बहिणीनं सांगितलं. ते दुःख तिचं आहे, मला घाईनं पुसायचं नाहीये.

आप्पा फोन आईकडे देतात अजून.

एक बदल झालाय. आधी आई विचारायची "जेवलीस काय". गेले पंधरा दिवस ती "जेवलंस काय" म्हणते. लहान पोराला म्हणतात तसं. "आलंस काय, झोपलंस काय." तिनं विचार करून ठरवलंय की आपोआप आलंय मला माहीत नाही आणि मी विचारणार पण नाही. "जेवलास" वर ती कधी येईल न येईल, पण "जेवलीस" सुटलं.

इंजेक्शन झाल्यावर तिला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "दंडात दिलं का कमरंत?" कमरेत म्हटलं. "कशातलं हाय?" म्हटलं तेलातलं असतं, शेंगदाण्याच्या तेलातलं, म्हणून ॲलर्जी आहे का ते आधी विचारतात. तर म्हणाली, "शेंगदाणं तर तू लहानपणापासनं पसापसा खातंस, तुला काय हुतंय. पर तेलाचं सावकाश द्यायला सांगायचं नर्सबाईला, जोरात ढकललं की गाठ येती." मग पुढची तारीख विचारली. मी सांगितली. कागद-पेन शोधल्याचा आवाज आला, मग म्हणाली, "थांब, कालनिर्णयावरच लिवून ठेवतो. लसीकरणाच्या तारखा तिथंच असत्यात."